टाकीचं झाकण उघडण्याआधी: पेट्रोल पंपावर टाकीच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी

मंगळवेढ्याकडची जुनी माणसं पेवाची गोष्ट सांगतात. जमिनीत खोल खड्डा, त्यात ज्वारी, तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपलेली. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. कंदील विझला तर पेव अजून ‘कोंदलेलं’ आहे, आजही उतरायचं नाही. आत धान्य श्वास घेतं, त्यात ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, हे त्यांना शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. उतरलेला माणूस परत येत नाही, एवढं मात्र त्यांनी पाहिलेलं होतं.

पंपाच्या फरशीखालची टाकी म्हणजे लोखंडाचं पेव. तोंड अरुंद, आत अंधार, तळाशी न दिसणारी हवा. उघडून थांबायचं, ही पेवाची अक्कल इथं निम्मी कामाला येते. उरलेली निम्मी जीव घेते, कारण पेट्रोलच्या टाकीत सोडलेला कंदील विझण्याची वाट बघत नाही.

सोलापूर आणि आसपासच्या पंपांवर टाक्या साफ करायच्या, दुरुस्त करायच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. दर हंगामाला नवी पोरं येतात. कुणी गॅरेजमधून आलेला असतो, कुणी कारखान्याचं गाळप संपलं म्हणून, कुणी गावाकडं विहिरीच्या कामावर असलेला. विहिरीचं काम केलेल्यांची मला जास्त धास्ती वाटते. खड्ड्यात उतरायची भीतीच त्यांची मेलेली असते.

आधी शत्रू ओळखा

मे महिन्यात दुपारी चेंबरचं, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या खड्ड्याचं, झाकण उचला आणि वाकून आत बघण्याऐवजी दोन पावलं मागं येऊन जमिनीकडं बघा. ऊन कडक असेल तर झाकणाच्या कडेवरून फरशीवर काहीतरी लहरताना दिसतं, उथळ पाण्याची सावली हलावी तसं. तीच वाफ. ती धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी खाली सांडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. म्हणून ती टाकीच्या तळाशी, चेंबरमध्ये, गटारात, केबलच्या चरीत जाऊन बसते. वारा पडलेला असला की तासन्‌तास तिथंच राहते.

पेट्रोल वाफ सोडायला उन्हाची वाट बघत नाही. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतसुद्धा त्याच्यावर पेट घेईल एवढी वाफ असते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, म्हणजे विचारायलाच नको. डिझेल त्यामानाने शांत, पण ‘डिझेलची टाकी आहे, काही होत नाही’ हे वाक्य मनातून काढून टाका. त्या टाकीत पूर्वी पेट्रोल असेल, पाइप दुसऱ्या टाकीला जोडलेला असेल, नाहीतर वर्षभर बंद राहून आतल्या गंजाने ऑक्सिजन खाल्लेला असेल. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजनच वापरतं. कोरडी, रिकामी, वास नसलेली टाकीही माणूस मारू शकते, ती अशी.

वाफ दोन वाटांनी मारते, आग लावून आणि श्वासातून. आगीची भीती सगळ्यांना असते, बिडी काढणाऱ्याला पंपावर कुणीही हटकतो. श्वासाची भीती कुणाला नसते, कारण त्यात आधी बरं वाटतं. होय, बरं वाटतं. पेट्रोलची वाफ मेंदूवर दारूसारखी चढते. डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं, मग जीभ जड होते, पायाचा तोल जातो. मात्रा जास्त असेल तर हे टप्पे दिसतच नाहीत, दोन-चार श्वासांत माणूस खाली पडतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. शहराबाहेरच्या एका पंपावर चेंबरमधला पाइपाचा जोड झिरपत होता. चेंबर कमरेएवढा. मी आत उतरलोही नव्हतो, फक्त पोटावर पडून डोकं आणि हात आत घातले होते. ‘दोन मिनिटांचं काम हाय की बे,’ असं मीच म्हणालो होतो. पाना दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा मला हसू आलं. आमच्या जुन्या मुकादमाने ते हसू ऐकलं आणि काही न बोलता माझी कॉलर धरून मला मागं ओढलं. मला राग आला होता. उठून त्याच्याशी भांडायला गेलो तर पाय दोन दिशांना. नंतर दिवसभर डोकं ठणकत होतं. म्हणून नव्यांना पहिली गोष्ट ही सांगतो: चेंबरमध्ये डोकं घातलं म्हणजे टाकीत उतरलात. हवेच्या हिशोबात फरक नाही.

आणि नाकावर जाऊ नका. पेट्रोलचा वास अगदी थोड्या वाफेलाही येतो, म्हणून वाटतं की वास म्हणजे धोक्याची घंटा. पण काही मिनिटांत नाक थकतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. वाफ गेलेली नसते, नाक गेलेलं असतं. शिवाय ऑक्सिजन कमी असल्याचा वास मुळात नसतोच.

पायरी पहिली: उतरायलाच हवं का?

निम्म्याहून जास्त वेळा उत्तर ‘नाही’ असं येतं. टाकीतलं पाणी काढायचं असेल तर वरून नळी सोडून हातपंपाने काढता येतं. गाळही बऱ्यापैकी बाहेरूनच उपसता येतो. माणूस न उतरवता टाकी धुणारी यंत्रंही आहेत. मालकाला ती महाग वाटतात, तो भाग वेगळा.

पाणी काढायचं काम अलीकडं वाढलं आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळं इथेनॉल काय चीज आहे ते इथं कुणाला सांगायला नको. ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी साचलं आणि झाकणाचं रबर फाटलेलं असलं की हे हमखास घडतं. तळातलं ते ‘पाणी’ नुसतं पाणी नसतं, पेट घेणारं असतं. ते गटारात ओतू नका आणि बादलीत उघडं ठेवू नका. साध्या पाणी शोधायच्या पेस्टवर त्याचा रंग नीट येत नाही, इथेनॉलसाठीची पेस्ट वेगळी मिळते.

तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची सवय ज्याला आहे त्याने ती आजच सोडावी. घोट पोटात गेला तर एक वेळ निभावतं, पण फुफ्फुसात गेलेला चमचाभर पेट्रोल माणसाला दवाखान्यात झोपवतो. आणि गिळलं गेलं तर ओकारी काढायला लावू नका. वर येताना तेच फुफ्फुसात उतरतं.

पायरी दुसरी: कागद

याचा कंटाळा सगळ्यांना येतो, मलाही. पण परमिट, म्हणजे टाकीत उतरायचा लेखी परवाना, हा मालकाचं लफडं वाचवायचा कागद नव्हे. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातलं कलम ३६ वाचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण शिकवण तीच. वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत माणूस उतरवायचा तर आधी वायू काढण्याचे सगळे उपाय करायचे. मग एकतर जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वासाचं साधन आणि पट्टा लावायचा, आणि पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असायचं. त्याच्या पुढच्या कलमात बंद जागेत नेण्याच्या विजेच्या दिव्याला २४ व्होल्टची मर्यादा होती. पंपाला पेट्रोलियमचा १९३४ चा कायदा आणि २००२ चे नियम लागतात. त्यांचा कारभार बघणारी ‘पेसो’ ही केंद्राची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला.

तुम्हाला कलमं पाठ करायची गरज नाही. एवढंच विचारा: ‘आत कुणी तपासलं, किती वाजता, आकडा किती आला?’ या तिन्हीची उत्तरं कागदावर नसतील तर उतरू नका. सकाळी नऊचा आकडा दुपारी एकला चालत नाही. जेवायला वर आलात, परत उतरायचं, की परत तपासणी.

पायरी तिसरी: टाकीला एकटी पाडा

टाकीत जाणारी-येणारी प्रत्येक वाट बंद करायची. नुसता व्हॉल्व्ह फिरवून भागत नाही. पाइप सोडवून तोंडाला झाकणपट्टी ठोकायची. आतल्या सबमर्सिबल पंपाची वीज पॅनेलवर बंद करून तिथं कुलूप घालायचं आणि चावी उतरणाऱ्याच्या खिशात ठेवायची.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती व्हेंटची लाइन, म्हणजे टाकीतली वाफ वर बाहेर सोडणारा पाइप. काही पंपांवर दोन-तीन टाक्यांचे व्हेंट पाइप वर एकत्र जोडलेले असतात. तुम्ही एका टाकीत काम करताय आणि तेवढ्यात पाकणीच्या तेल डेपोतून टँकर येऊन शेजारच्या टाकीत माल सोडू लागतो. त्या टाकीत पेट्रोल शिरतं तेवढीच वाफ बाहेर ढकलली जाते, आणि वाट मिळाली तर ती थेट तुमच्या टाकीत येते. म्हणून काम चालू असताना टँकर रिकामा करायचा नाही. ड्रायव्हर घाई करेल, मॅनेजर म्हणेल पंप कोरडा पडलाय. पडू दे.

पायरी चौथी: हवा खेळवा

इथं एक हिशोब समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप समजेल. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्के झाली की ती पेट घेऊ शकते. ७.६ टक्क्यांच्या वर गेली की हवा कमी पडून पेट घेत नाही. भरलेल्या किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ठिणगीने पेटणार नाही. मग तुम्ही झाकण काढता, ब्लोअर, म्हणजे हवा खेळवणारा पंखा, लावता, वाफ पातळ होऊ लागते. वरून खाली येताना तिला ७.६ ते १.४ हा पट्टा ओलांडावाच लागतो. म्हणजे हवा सोडल्यावर टाकी आधी जास्त धोकादायक होते आणि मग सुरक्षित. ब्लोअर चालू केल्यानंतरचा पहिला तास हा चहा-बिडीचा तास नव्हे.

ब्लोअर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ न पेटवणारा, हवा, नाहीतर दाबाच्या हवेवर चालणारा वाफ खेचणारा भोंगा. त्याला आणि टाकीला तारेने जोडून अर्थिंग द्यायचं. वाफ तळातून ओढायची, कारण ती तळाशी असते. बाहेर सोडताना निदान १२ फूट उंच सोडायची. चेंबरच्या तोंडाशी सोडलेली वाफ फिरून तिथंच येते. तुम्ही उभं राहताना वारा पाठीवर घ्या. आणि कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आणून ‘आत ऑक्सिजन सोडू’ म्हणाला तर त्याला हाताला धरून गेटबाहेर न्या. जादा ऑक्सिजनमध्ये अंगावरचे कपडेसुद्धा भडका घेतात.

रिकामी टाकी म्हणजे किती रिकामी? २० हजार लिटरची टाकी पूर्ण पेट घेण्याजोगी करायला एक-दीड लिटर पेट्रोलची वाफ पुरते. एवढं पेट्रोल गाळाच्या थरात, गंजाच्या खपल्यांखाली आरामात लपतं. म्हणून मीटर शून्य दाखवतो, माणूस उतरतो, खुरपणी चालू करतो, गाळ हलतो आणि दहा मिनिटांत आकडा चढतो. काम चालू असेतोवर ब्लोअर आणि मीटर दोन्ही चालू हवेत.

पायरी पाचवी: मीटर वाचायला शिका

हे शिकायला वेळ द्या, पगार कापला तरी चालेल. चार वायूंचा मीटर बहुतेक ठेकेदारांकडं असतो. त्यावर ऑक्सिजन, पेट घेणारी वाफ, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दिसतं. तो स्वच्छ हवेत चालू करा. ऑक्सिजन २०.९ आणि बाकी सगळे शून्य यायला हवेत. मग त्याला ओळखीच्या वायूची छोटी फुंकर देऊन तो ओरडतो का ते बघा. न ओरडणारा मीटर म्हणजे खिशातला दगड.

आता नळी आत सोडा. वर, मध्ये, तळाशी, आणि जमलं तर दोन्ही टोकांना. नळी जेवढी लांब तेवढं थांबा, हवा वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. मी नव्यांना नळी धरून मनात शंभर मोजायला लावतो. नळीचं टोक पाण्यात किंवा गाळात बुडवू नका.

आधी ऑक्सिजन बघायचा, मग वाफ. कारण वाफेचा सेन्सर बहुतेक मीटरमध्ये वाफ जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून निष्क्रिय केलेल्या टाकीत तो सेन्सर खोटं बोलतो, शून्यही दाखवेल.

ऑक्सिजन १९.५ च्या खाली म्हणजे कमी, २३.५ च्या वर म्हणजे जास्त, हे सगळे सांगतात. पण मधल्या आकड्यांवर कुणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथं आहे. समजा ऑक्सिजन २०.९ ऐवजी २०.५ आला. नवा माणूस म्हणतो, १९.५ च्या वर आहे, उतरा. थांबा. ऑक्सिजन ०.४ ने घटला म्हणजे हवेत जवळजवळ दोन टक्के दुसरं काहीतरी घुसलंय, तेव्हाच तो घटला. पेट्रोलच्या टाकीत ते ‘काहीतरी’ काय असणार? दोन टक्के वाफ म्हणजे पेट घेण्याच्या पट्ट्यात आलात. नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्याला हे कळत नाही.

दुसरी मेख वाफेच्या आकड्यात. मीटरवर वाफेचे १०० म्हणजे १.४ टक्के वाफ, जिथून आग लागू शकते. १० वर मीटर ओरडतो. पण मीटरवरचे १० म्हणजे हवेत १,४०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १,४०० भाग, वाफ. श्वासासाठी आठ तासांच्या कामाला ३०० पीपीएमची मर्यादा धरतात, ती या मीटरवर जेमतेम २ दिसते. म्हणजे मीटर शांत आहे तेव्हा आग लागणार नाही, पण तुम्ही जे ओढताय ते मर्यादेच्या चौपट असू शकतं. त्यातही बेंझीन आहे. आपल्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत असतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो, याबाबत शास्त्रज्ञांत दुमत उरलेलं नाही. माझा नियम सरळ आहे: साधनाशिवाय उतरायचं असेल तर ऑक्सिजन २०.९ आणि वाफ शून्य, मधलं काही नाही. आणि गाळ खुरपायचा असेल तर आकडा शून्य असला तरी हवेची नळी लावूनच.

पायरी सहावी: तोंडावर काय बांधायचं

ओला पंचा बांधायचा नाही. तो धूळ अडवतो, वाफ नाही. करोनात घेतलेले एन-९५ सुद्धा धुळीचेच.

कार्ट्रिजचा मास्क, म्हणजे दोन्ही गालांवर डबे असलेला, वाफ शोषतो. पण तो गाळणी आहे, टाकी नव्हे. ऑक्सिजन तयार करत नाही. आत ऑक्सिजन १५ टक्के असेल तर मास्कमधूनही १५ टक्केच मिळणार. आणि वाफ दाट असेल तर कोळसा काही मिनिटांत भरून जातो, मग ती सरळ आत येते. हा मास्क वर, उघड्यावर, डिप घेताना, म्हणजे पट्टी सोडून टाकीतला माल मोजताना, किंवा टँकर रिकामा करताना ठीक. टाकीत उतरायला त्याचा उपयोग शून्य. पुडा फोडलेली कार्ट्रिज सहा महिने पेटीत पडून असेल तर ती फेकून द्या, कोळसा हवेतूनही भरत असतो.

टाकीत दोनच गोष्टी चालतात: पाठीवरचा हवेचा सिलिंडर किंवा बाहेरून येणारी हवेची नळी. सिलिंडरचा हिशोब करून ठेवा. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने १,२०० लिटर हवा मावते. मेहनतीच्या कामात माणूस मिनिटाला ४० लिटरपर्यंत ओढतो. म्हणजे अर्धा तास. त्यातले शेवटचे ५० बार बाहेर पडण्यासाठी, शिट्टी वाजते ती तेव्हाच. हातात राहिली वीस-बावीस मिनिटं. घाबरलेला माणूस त्याहून लवकर संपवतो.

आणि एक व्यावहारिक अडचण: मॅनहोल जेमतेम दोन फुटांचं. पाठीवर सिलिंडर घेऊन आडदांड माणूस त्यातून जात नाही. मग कुणीतरी सुचवतं, सिलिंडर काढून आधी खाली सोडू, मग तू उतर. हे कधीच करायचं नाही. अशा टाकीला हवेची नळी आणि कमरेला सुटकेसाठीची छोटी बाटली, हेच बरोबर.

ती हवा कुठून येते तेही बघा. टायरमध्ये हवा भरायच्या पंपावरच्या कॉम्प्रेसरला नळी जोडलेली मी पाहिली आहे. त्या हवेत तेलाचा धूर असतो, कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा, आणि त्याचं तोंड वाफेपासून आणि गाड्यांच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला.

दाढी काढा. यावर दरवेळी वाद होतो. मास्कची रबरी कड गालाला चिकटायला हवी, मधे केस आले की फट पडली. मास्क लावून हाताने हवा अडवा आणि श्वास ओढा. मास्क तोंडाला चिकटून राहिला तर ठीक.

कपडे सुती, नायलॉन नको. हत्यारं ठिणगी न उडणारी, पितळेची. मोबाइल ऑफिसात. पुढे.

पायरी सातवी: वरचा माणूस

मला विचाराल तर या कामात सगळ्यात महत्त्वाचा माणूस आत नसतो, मॅनहोलशी बसलेला असतो. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. चहा आणायला पाठवायचं नाही. त्याच्या हातात दोरी, डोळे आत, वर तिकाटणं आणि माणूस वर ओढायचा विंच. आतल्याच्या अंगावर पूर्ण हार्नेस, नुसता कंबरपट्टा नको. बेशुद्ध माणसाला कंबरेतून ओढलं की तो दुमडतो आणि दोन फुटांच्या भोकात अडकतो.

सोलापुरात एका टीममध्ये एकाची तेलुगू, दुसऱ्याची कन्नड, तिसऱ्याची मराठी आणि ठेकेदाराची हिंदी असते. एरवी त्यात मजा आहे. पण मास्कमधून घुमत आलेला शब्द घाईत कुठल्याच भाषेत कळत नाही. म्हणून आमच्यात दोरीची भाषा ठरलेली आहे. एक झटका: ठीक आहे. दोन: दोरी सैल कर. सलग झटके: वर घे. वरच्याने दर मिनिटाला एक झटका द्यायचा, उत्तर आलं नाही तर परत एक, तेव्हाही आलं नाही तर विचार न करता विंच फिरवायचा. आतला रागावला तरी चालेल. मीही रागावलो होतो.

आता सगळ्यात अवघड सूचना. आतला पडला तर वरच्याने उतरायचं नाही. भाऊ असला तरी नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता, की बंद जागेत मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून जास्त लोक हे दुसऱ्याला वाचवायला उतरलेले असतात. आपल्याकडच्या विहिरींच्या बातम्या आठवा. एक पडला, मागून दुसरा, त्याच्या मागून तिसरा. ज्या हवेने पहिल्याला पाडलं तीच हवा दुसऱ्याची वाट बघत असते.

वरून करण्यासारखं बरंच आहे. विंच फिरवा, ब्लोअर चालू ठेवा, आरडाओरडा करून माणसं जमवा, अग्निशमनला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ फिरवा. फोन टाकीपासून लांब जाऊन करायचा. ‘पेट्रोलच्या टाकीत माणूस बेशुद्ध’ असंच सांगायचं, नुसतं ‘अपघात झालाय’ नाही, म्हणजे येणारे श्वासाची साधनं घेऊन येतील.

वर काढल्यावर त्याला वाऱ्याच्या बाजूला न्या, भिजलेले कपडे उतरवा, श्वास चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा. श्वास चालत असेल तर कुशीवर झोपवा. शुद्धीवर आला की तो उठून ‘मला काही झालं नाही’ म्हणत चालायला लागतो. चालू देऊ नका. ही वाफ ओढल्यावर हृदय हळवं झालेलं असतं, धावपळ किंवा घाबरण्याने त्याची लय बिघडू शकते. बरं वाटत असलं तरी सिव्हिलला न्या आणि डॉक्टरांना सांगा: पेट्रोल होतं की डिझेल, आत किती वेळ होता.

जुनी टाकी आली तर

बंद पडलेल्या पंपाची टाकी उपसायचं काम अधूनमधून येतं. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं २००० साली. त्याआधीपासून पडून असलेल्या टाकीच्या गाळात शिसं असू शकतं, आणि पेट्रोलमधलं शिसं कातडीतूनही अंगात जातं. तिथं नेहमीचे हातमोजे पुरत नाहीत, त्याचा गाळ घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकायचा नाही. असं काम नव्या माणसाने घेऊ नये. मीही हल्ली घेत नाही.

काम झाल्यावर

उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर चालू करतो आणि अकराला थांबतो. मास्क आणि हार्नेस घालून ४२ अंशांत काम करणाऱ्याला चक्कर आली तर ती उन्हाची की वाफेची हे ओळखता येत नाही. तेव्हा वाफेचीच समजायची आणि वर घ्यायचं. मात्र पहाटे वारा पडलेला असतो, वाफ हलत नाही, म्हणून ब्लोअर जास्त वेळ चालवायचा.

हात पेट्रोलने धुऊ नका. ग्रीस निघतं खरं, पण बेंझीन कातडीतून जातं. साबण आणि थोडी माती पुरते. कामाचे कपडे तिथंच बदला, घरच्या कपड्यांत मिसळू नका. भिजलेल्या पँटीने मोटारसायकलला किक मारणारे महाभाग मी पाहिले आहेत.

एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, पंप, टाकी पेट्रोलची की डिझेलची, आत किती मिनिटं, मीटरचे आकडे, त्या रात्री डोकं दुखलं का. आणि वर्षातून एकदा रक्ताची साधी तपासणी, सीबीसी, करून त्याचा कागद त्याच वहीत चिकटवा. सुरुवातीचा महिनाभर मी कुणालाच आत सोडत नाही. त्या महिन्यात नव्याने वर बसायचं, दोरी धरायची आणि दर मिनिटाला झटका द्यायचा. वहीत त्याच्या नावापुढं ‘आत’च्या रकान्यात तीस दिवस शून्य लिहिलेलं असतं.